गाडी शहाणी झाली; चालवणारा?

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. नागपूरला सौ.च्या डोळ्यांची तपासणी आटोपून आम्ही गोंदियाला परतत होतो. गाडीत तिघे. मी, शेजारी सौ. आणि मागच्या सीटवर आठ वर्षांची नात. गाडी नवी, पुण्याच्या मुलाने हट्टाने घेऊन दिलेली. ‘‘बाबा, ही गाडी स्वतः ब्रेक लावते, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवते, पट्टी सोडली तर स्टिअरिंग सांभाळते. आता तुमची काळजी नाही,’’ असे किल्ली हातात देताना तो म्हणाला होता. मुलाने काळजी मिटवली म्हटल्यावर बापानेही ती मिटवून टाकली. चूक तिथेच झाली.

भंडारा, लाखनी, साकोली असा महामार्ग झकास पार पडला. स्टिअरिंगवरचे बटण दाबून ऐंशीचा वेग लावून दिला आणि पाय मोकळा सोडला. पुढे ट्रक आला की गाडी आपसूक हळू होई, ट्रक बाजूला झाला की पुन्हा वेग घेई. कोहमाऱ्याला डावीकडे वळून गोंदियाच्या रस्त्याला लागलो. वळताना ब्रेक दाबल्यामुळे ती व्यवस्था सुटली होती. मी सवयीने पुन्हा बटण दाबले. रस्ता आता दुपदरी होता, दोन्ही बाजूंना जंगल, अंधार दाटलेला. पुढे एक जीप चालली होती आणि आमची गाडी तिच्यामागे शिस्तीत पन्नासने जात होती. मी नातीला नागझिऱ्याच्या गोष्टी सांगत होतो.

एवढ्यात जीप एका गावाच्या फाट्याला वळली. पुढचा रस्ता मोकळा झाला असे गाडीला वाटले आणि तिने इमानेइतबारे मी सांगितलेला ऐंशीचा आकडा गाठायला सुरुवात केली. ‘‘अहो!’’ सौ. ओरडली. समोर धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरले. गाडी थांबली तेव्हा ट्रॉली आणि आमच्यामध्ये चार-पाच हातांचे अंतर उरले होते.

उतरून पाहतो तो ट्रॉलीच्या चाकाशी एक पोरगा उकिडवा बसलेला. तोंडात मोबाईलचा उजेड धरून तो चाकाचे नट सैल करीत होता. ‘‘टायर पंचर झाला जी काका. लाइट तं कवाचीच गेली,’’ तो म्हणाला. आपण कशातून वाचलो हे त्याला कळलेच नव्हते. नातीच्या खांद्यावर सीट बेल्टचा लाल वळ उठला होता. तो बेल्ट तिच्या आजीने लावायला लावला होता. ‘मागे कशाला हवा?’ असे म्हणणारा मीच होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी गाडीच्या कप्प्यातले माहितीपुस्तक काढले. ते अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होते. त्यात साध्या शब्दांत लिहिले होते की, पुढची गाडी अचानक बाजूला झाली आणि तिच्यापुढे वाहन उभे असले, तर ही यंत्रणा ते ओळखेलच असे नाही. म्हणजे आदल्या रात्री जे घडले ते आधीच छापलेले होते. पस्तीस वर्षे कर्जदारांना ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ असे सांगणाऱ्या बँक अधिकाऱ्याने स्वतःच्या गाडीच्या अटी वाचल्या नव्हत्या.

बँकेतली एक जुनी आठवण त्या दिवशी उफाळून वर आली. नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत खातेवह्यांच्या जागी पोस्टिंगची यंत्रे आली. तोवर व्याज काढायचा कारकून आणि ते तपासून सही करायचा अधिकारी. यंत्र आले आणि आमची नजर सैल झाली. ‘मशीनने काढलंय’ म्हटले की पेन आपोआप सहीवर जाई. एकदा एका पीककर्जाच्या खात्यात व्याजदरच चुकीचा भरला गेला. यंत्राने त्या चुकीच्या दराने अगदी बिनचूक व्याज काढले आणि मी सही केली. चूक पकडली ती त्या खात्याच्या म्हाताऱ्या मालकाने, बोटांच्या पेरांवर हिशेब करून. त्या दिवशी एक धडा शिकलो होतो. यंत्र दमत नाही, पण जे त्याला दिसत नाही त्याची त्याला खंतही नसते. काम यंत्राने केले तरी सही आपली असते. तीस वर्षांनी हा धडा मी कोहमाऱ्याच्या रस्त्यावर विसरलो.

ज्याला हल्ली ‘ॲडास’ म्हणतात, ती चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांची एक जुडी आहे. आरशामागे काचेला चिकटलेला कॅमेरा असतो आणि बहुतेक गाड्यांत पुढच्या बाजूला रडार. कॅमेरा पट्ट्या, वाहने, माणसे ओळखतो. रडार अंतर आणि वेग मोजते. त्यावरून गाडी पुढच्या वाहनापासून अंतर राखते, धडक अटळ वाटली तर ब्रेक लावते, पट्टी ओलांडताना स्टिअरिंग परत ओढते, आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या गाडीची सूचना देते. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानल्या जातात. आपल्याकडे घराघरांत येऊ लागलेल्या या गाड्या फार तर दुसऱ्या पायरीवर आहेत. दुसऱ्या पायरीचा अर्थ असा की गाडी मदत करील, पण रस्त्यावर डोळे आणि जबाबदारी सर्वस्वी चालकाची. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ॲडास हा तत्पर कारकून आहे. पासिंग ऑफिसर आपणच.

मग उभी ट्रॉली त्या कारकुनाला का दिसली नाही? रडारला रस्त्याकडेचा फलक, पुलाचा कठडा, झाडाचा बुंधा अशा कितीतरी स्थिर वस्तू सतत दिसत असतात. प्रत्येकीसाठी गाडी थांबू लागली तर प्रवासच होणार नाही. म्हणून वेगात असताना पुष्कळ यंत्रणा स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करतात आणि हलणाऱ्या वाहनांवर लक्ष ठेवतात. कॅमेऱ्याने ती उणीव भरून काढावी, तर अंधारात, पोती लादलेल्या आणि दिवा नसलेल्या ट्रॉलीचा आकार त्याच्या ओळखीचा नसतो.

हे आपल्याच रस्त्यांवर होते असे नाही. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेम्पी या गावी एका कंपनीची स्वयंचलित मोटार रात्री चाचणीसाठी धावत होती. एक बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. यंत्रणेने तिला पाहिले, पण ते वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, याचा निर्णय बदलत राहिली. देखरेखीसाठी बसवलेली चालक त्या वेळी मोबाईलवरचा कार्यक्रम बघत होती. त्या बाईचा मृत्यू झाला. आता आपल्या जिल्ह्यातली सायकल डोळ्यांसमोर आणा. मागे गवताचा भारा, हँडलला दोन पिशव्या, कधी आडवी बांधलेली बांबूची जुडी. तिथे भल्याभल्या यंत्राचा गोंधळ उडेल.

शिवाय आपला जिल्हा धानाचा आणि जंगलाचा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाल्यापासून इथले रस्ते बरेच सुधारले, पण रस्त्यावरचे जीवन तेच आहे. कापणीनंतर डांबरावर धान वाळत घातलेले असते. मंडईच्या दिवसांत झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात आणि पहाटे पेंगुळलेली माणसे दुचाकींवर, पायी घरी परततात. थंडीत धुके उतरते आणि कॅमेरा आंधळा होतो. दुपदरी रस्त्यावर पांढरी पट्टी कुठे आहे, कुठे पुसलेली. नवेगाव-नागझिरा हा २०१३ साली घोषित झालेला व्याघ्र प्रकल्प, आणि त्याच्या जंगलांमधून आपली वर्दळ. ऑगस्ट २०२३ मध्ये मुरदोलीच्या जंगलात रात्री एका मोटारीच्या धडकेने वाघ जबर जखमी झाला आणि उपचारांसाठी नेताना मरण पावला. बऱ्याच गाड्यांची माहितीपुस्तके स्पष्ट सांगतात की यंत्रणेला प्राणी ओळखता येतीलच असे नाही. चितळ, रानडुक्कर, मोकाट गाय यांची नोंद त्या कारकुनाच्या वहीत नाही.

पट्टी राखणाऱ्या व्यवस्थेची तर वेगळीच गंमत आहे, आणि ती जिवावर बेतणारी आहे. समोरच्या सायकलस्वाराला जागा द्यावी म्हणून तुम्ही इंडिकेटर न लावता उजवीकडे सरकलात, तर गाडीला वाटते चालकाला डुलकी लागली. ती स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे त्या सायकलस्वाराकडेच ओढते. उपाय सोपा आहे. जागा बदलताना इंडिकेटर लावा म्हणजे गाडी आड येत नाही. आणि अरुंद, वर्दळीच्या रस्त्यावर ही व्यवस्था सरळ बंद करा.

यंत्रे वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. त्या रात्री आम्हाला वाचवले तेही एका यंत्रानेच. पायाखाली पेडल थरथरले ते एबीएस. चाके जाम होऊ न देता ते सेकंदात अनेकदा ब्रेक सोडते आणि धरते. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना ते सक्तीचे आहे. पण आमच्या पिढीला उस्तादांनी शिकवले होते की ब्रेक एकदम दाबू नये, हप्त्याहप्त्याने दाबावा. ॲम्बॅसडर आणि पद्मिनीसाठी ते बरोबर होते. एबीएसच्या गाडीत तसे केले तर थांबायला अंतर जास्त लागते. इथे संकटात ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून धरायचा, थरथरीला घाबरून पाय उचलायचा नाही आणि स्टिअरिंगने वाट काढायची. ही एक गोष्ट घरातल्या ज्येष्ठांना आज जेवताना सांगितलीत तरी या लेखाचे चीज होईल.

दुसरी गोष्ट गिअर नसलेल्या गाडीची. डाव्या पायाला काम नसते, म्हणून तो कधीमधी ब्रेकवर येऊ पाहतो, आणि गडबडीत पाय भलत्याच पेडलवर पडतो. एप्रिल २०१९ मध्ये जपानमध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका गृहस्थांची मोटार भरधाव गर्दीत घुसली आणि एक तरुण आई व तिची लहान मुलगी ठार झाली. गाडीतच बिघाड होता, असे ते सांगत राहिले. न्यायालयाने मात्र ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेल्याचे मान्य करून २०२१ मध्ये त्यांना ५ वर्षांची शिक्षा दिली. अशा गाडीत दोन्ही पेडलांसाठी एकच पाय, उजवा. टाच ब्रेकच्या रेषेत ठेवावी आणि नवी गाडी आठवडाभर मोकळ्या मैदानात चालवावी. यात कमीपणा नाही.

आता थोडा हिशेब, कारण आकड्यांची माझी सवय जात नाही. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर. एकूण झाले ६८. गाडीचा खालचा झोत साधारण पन्नासेक मीटर उजेड पाडतो. म्हणजे अंधारात खालच्या झोतावर ऐंशीने जाणारा माणस न दिसणाऱ्या रस्त्यावर उधारीने गाडी हाकत असतो. तोच वेग साठवर आणला तर सगळे मिळून ४५ मीटर पुरतात. तेवीस मीटरची ही बचत कोणत्याही यंत्रणेपेक्षा मोलाची. पडद्यावर गाणे शोधण्यात दोन सेकंद घालवले तर ऐंशीच्या वेगात ४४ मीटर रस्ता न पाहता गेला. हल्ली गाड्यांत साधी बटणेही पडद्याच्या पोटात गेली आहेत. युरोपात मोटारींना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने तर हॉर्न, इंडिकेटर, वायपर यांसारख्या कामांना हाताला लागणारी स्वतंत्र बटणे असावीत, असा आग्रह २०२६ च्या गुणांकनात धरला आहे. आपण तोवर एवढे करू शकतो की गाणे, रस्ता, थंडी-गरमी हे सारे गाडी हलण्यापूर्वी लावून घ्यायचे.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. सरकारी अहवालानुसार त्यांतील ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग होता. सीट बेल्ट न लावलेले १६,७१५ होते आणि त्यांत जवळजवळ निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. गाडी महागडी, एअरबॅगवाली. पुढे बेल्ट लावून बसलेले दोघे वाचले, मागे बेल्ट न लावलेले दोघे गेले. एअरबॅग ही बेल्टची जोडीदार आहे, बदली कामगार नव्हे. बेल्ट नसेल तर फुगणाऱ्या पिशवीवर माणूस पुढे फेकला जातो आणि तीच पिशवी त्याला इजा करते. म्हणून चालकाची छाती स्टिअरिंगपासून हातभर नसली तरी निदान वीतभराहून जास्त, २५ सेंटीमीटर तरी दूर असावी. मूल मांडीवर घेऊन पुढे बसणे तर नकोच. मुलांची जागा मागे आणि बेल्टमध्ये. बेल्टची घंटा बंद व्हावी म्हणून नुसते बक्कल खोचून ठेवणारे महाभाग आपल्यात आहेत. अशा बकला ऑनलाईन विकल्या जात म्हणून २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ५ कंपन्यांविरुद्ध आदेश काढावे लागले. घंटेला फसवता येते, टकरीला नाही.

पण सगळा भार चालकावर टाकून मोकळे होणे हेही बरोबर नाही. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाला येणारी एसटीची बस सडक अर्जुनी तालुक्यात उलटली आणि ११ प्रवासी गेले. समोरच्या दुचाकीला वाचवताना ताबा सुटल्याचे सांगण्यात आले. तो रस्ता आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा आहे. कधी तिथे दुचाकीवर आपण असतो, कधी बसमध्ये, कधी मोटारीत. म्हणून काही मागण्या कराव्याशा वाटतात.

गाडी विकणाऱ्याने पेढे आणि हार देण्याबरोबर अर्धा तास ग्राहकाला रस्त्यावर नेऊन कोणती व्यवस्था कशी चालू-बंद होते आणि ती कुठे निकामी ठरते हे दाखवावे. माहितीपुस्तक मराठीत द्यावे. परवान्याच्या नूतनीकरणाला वयाप्रमाणे वैद्यकीय दाखला लागतो, तसे हातातल्या गाडीचे दोन-चार प्रश्नही विचारले जावेत. आणि आपल्या जिल्ह्यापुरती सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे धान खरेदी केंद्रे, बाजार समित्या आणि राईस मिल यांनी हंगामाच्या तोंडावर दारात येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला लाल चकाकती पट्टी चिकटवून द्यावी. त्या पट्टीचा खर्च धानाच्या एका पोत्याच्या किमतीपुढे किरकोळ आहे. तिने ट्रॉलीही वाचेल आणि चाकाशी बसलेला पोरगाही.

त्या पोराचे नाव मी विचारले नाही, याची आता चुटपुट लागते. मी त्याला माझ्या गाडीतला लाल त्रिकोण दिला, तो मागे काही अंतरावर ठेवायला लावला आणि चाक बदलून होईपर्यंत गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून थांबलो. नात खिडकीतून सारे पाहत होती. निघताना तिने विचारले, ‘‘आजोबा, गाडीला तो दादा दिसला नव्हता का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मग तुम्हाला?’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दिसला होता तिच्या आजीला. तिचे डोळे तपासायला आम्ही नागपूरला गेलो होतो आणि चांगल्या डोळ्यांचा मी शेजारी बसून गोष्टी सांगत होतो.

आता आमच्या घरात एक नियम आहे. महामार्गावर, पट्ट्या स्वच्छ आणि उजेड चांगला असेल तर यंत्राची मदत खुशाल घ्यायची. पाऊस, धुके, जंगल, गाव आणि दुपदरी रस्ता आला की अंतर राखणारे ते बटण बंद. कोहमाऱ्याचे वळण आले की मागच्या सीटवरून आवाज येतो, ‘‘आजोबा, बटण!’’ मी ते बंद करतो, वेग साठाच्या आत आणतो आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतो. घरी पोहोचायला दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात. पण सही माझी असते, आणि मी ती वाचून केलेली असते.